कालवा बंद का ठेवतात?

पौष महिना असतो. हरभऱ्याला घाटे लागू लागतात. गहू पोटरीला येतो. या वेळी एक पाणी मिळाले तर पीक पदरात पडते. नाही मिळाले तर दाणा बारीक पडतो. आणि नेमके अशाच वेळी कोणी तरी पारावर येऊन सांगतो, "कॅनॉल बंद झाला."

मग पारावर एकच गलका होतो. कोणी म्हणतो, "वरच्या गावानं पाणी पळवलं." कोणी म्हणतो, "साहेबाला काय फिकीर?" कोणी म्हणतो, "गुरुजी, हरभरा वाळूलालाय, अन् ह्यांनी कॅनॉल बंद केलाय. काय म्हणावं ह्यांना?"

हा राग खोटा नाही. ज्याचे पीक वाळते त्यालाच त्याची कळ कळते. पण राग बरोबर ठिकाणी काढायचा असेल, तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कालवा नेहमी एकाच कारणाने बंद होत नाही. कारण निराळे, तसा उपायही निराळा.

म्हणून या धड्यात आपण कालव्याची माहिती घेऊ. तो कसा चालतो, तो का बंद ठेवतात, बंद असताना कोणते काम होते आणि त्या दिवसांत आपण काय करावे, हे पाहू. जगात काही कालव्यांतून होड्या चालतात. कालवा बंद झाला की त्या होडीवाल्यांनाही थांबावे लागते. त्यांची हकीकतही सांगू, कारण तिच्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे.

कालवा कसा चालतो?

नदीवर धरण बांधले की पाणी अडते. ते पाणी शेतापर्यंत नेण्यासाठी जो लांब पाट काढतात, तो कालवा. आपल्या भागात असे बरेच कालवे आहेत. मांजरा नदीवर धनेगावचे धरण आहे. तेरणा नदीवर माकणीचे धरण आहे. माकणीच्या पाण्याचा आधार औसा व निलंगा या बाजूच्या शेतीला आहे. नांदेड जिल्ह्यात मन्याड नदीवर बारूळचे धरण आहे. पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्याने नांदेडच्या बाजूला येते. आणि सर्वांत मोठे म्हणजे पैठणचे जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि उजवा १३२ किलोमीटर.

२०८ किलोमीटर म्हणजे किती? रोज सात कोस चालणारा माणूस आठवडाभर चालला तरी पुरते टोक गाठणार नाही. एवढ्या लांब पाणी पंपाने ढकलत नाहीत. ते आपल्या वजनाने, उताराने जाते. हा उतार फार थोडा असतो. किलोमीटरभर चालून गेले तरी साधारण वीतभर, कधी त्याहूनही कमी. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाण्याला कळतो.

मोठ्या कालव्यातून फाटे निघतात. त्यांना वितरिका म्हणतात. वितरिकेतून आणखी लहान फाटा निघतो, ती लघुवितरिका. लोक तिला 'मायनर' म्हणतात. मायनरवर दारे असतात. त्या दारातून शेतचारीत पाणी येते आणि चारीतून शेतात. झाडासारखेच हे आहे. धरण हे मूळ, कालवा हे खोड, वितरिका या फांद्या आणि शेतचाऱ्या या डहाळ्या. खोडाला कीड लागली तर शेंड्याचे पान वाळते. कालव्याचेही तसेच आहे. वर बिघडते आणि खाली वाळते.

बंद होण्याची तीन कारणे

पहिले कारण पाळीचे. कालवा वर्षभर वाहत नसतो. धरणातले पाणी मोजके असते. म्हणून ते पाळीपाळीने सोडतात. एका पाळीला आवर्तन म्हणतात. रब्बीला किती आवर्तने द्यायची, उन्हाळ्यात द्यायची की नाही, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. एक आवर्तन संपले की दुसरे सुरू होईपर्यंत कालवा बंद असतो. हे बंद राहणे ठरलेले आहे. त्याच्या तारखा आधी समजल्या तर शेतकरी त्याप्रमाणे पेरणी व भिजवणी बेतू शकतो.

दुसरे कारण पाणीच नसणे. धरणात साठा कमी असेल तर पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. शेतीला त्यानंतर. २०१६ साली धनेगावचे धरण कोरडे पडले. तेव्हा लातूर शहराला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोचली. तिला दहा टाक्या होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. जिथे माणसाला हंडाभर पाणी मिळेना, तिथे कालवा कुठून सुटणार? अशा वर्षी कालव्याला कितीही दोष दिला तरी उपयोग नसतो.

इथे एक गमतीची, पण विचार करण्यासारखी गोष्ट सांगतो. देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवणारा कायदा २०१६ साली झाला. त्या यादीत आपल्या मांजरा नदीचेही नाव आहे. हा कायदा लागू झाला तो दिवसही १२ एप्रिल २०१६ हाच. म्हणजे दिल्लीत मांजरेला होड्यांचा मार्ग म्हणून मान मिळाला, आणि त्याच दिवशी मांजरेकाठच्या लातुरात पाण्याची रेल्वे आली. यादीत नाव आले, पण पात्रात नाव चालावी एवढे पाणी नव्हते. कागदावरचे पाणी आणि पात्रातले पाणी यांत असा फरक असतो.

तिसरे कारण दुरुस्तीचे. या धड्याचा मुख्य विषय हाच आहे.

कालव्याचे काय बिघडते?

कालवा म्हणजे मातीचे काम. काही ठिकाणी जमीन खोदून तो नेलेला असतो, तर काही ठिकाणी दोन्ही बाजूंना मातीचे भराव घालून उंचावरून नेलेला असतो. आतून फरशीचे किंवा सिमेंटचे अस्तर करतात. मातीच्या घराची दरवर्षी डागडुजी करावी लागते की नाही? नाही केली तर पहिल्याच पावसात भिंत खचते. कालव्याचेही तेच.

पहिला शत्रू गाळ. पाण्याबरोबर माती येते आणि तळाशी बसते. उतार मुळात वीतभर. तळाला गाळाचा थर बसला की कालव्यात पाणी मावत नाही आणि त्याची चालही मंदावते.

दुसरा शत्रू झाडझाडोरा. गाळावर गवत व पाणकणीस माजते. काठावर वेडी बाभूळ उगवते. तिची मुळे अस्तराच्या फटीत शिरतात आणि फट रुंद करतात.

तिसरा शत्रू बिळे. उंदीर, घुशी आणि खेकडे भरावात बिळे करतात. बिळाचे तोंड असते अंगठ्याएवढे. पण पाणी एकदा त्यातून वाहू लागले की आपल्याबरोबर माती नेते. बिळाचे भोक होते, भोकाचे भगदाड होते आणि एका रात्रीत भराव वाहून जातो.

चौथी अडचण खास आपल्याकडची आहे. ती म्हणजे आपली काळी माती. ही माती पिकाला चांगली, पण बांधकामाला वाईट. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते. तिच्यावर सरळ अस्तर केले तर ते उचलले जाते व तडकते. म्हणून काळ्या रानातून कालवा नेताना अस्तराखाली चांगल्या मुरमाचा थर देऊन तो दाबावा लागतो. हा थर नीट दिला नाही, तर वरचे सिमेंट कितीही चांगले असो, दोन-चार वर्षांत त्याचे तुकडे पडतात. दुरुस्तीचे काम पाहताना वरच्या सिमेंटबरोबर खालचा मुरूमही पाहावा तो यासाठी.

पाचवा शत्रू माणूस. हे लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे. कोणी रात्री दाराची चावी फिरवतो. कोणी भराव फोडून पाइप घालतो. कोणी दारात दगड व पोती अडकवून पाणी आपल्याकडे वळवतो. हा कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय त्या एका फटीतून पुढच्या वर्षीचे भगदाड तयार होते.

पाणी चालू ठेवून दुरुस्ती का होत नाही?

हा प्रश्न पुष्कळांना पडतो. वाहत्या पाण्यात गाळ काढता येत नाही. ओल्या, वाहत्या जागी सिमेंट धरत नाही. तळाच्या भेगा पाण्याखाली दिसतही नाहीत. म्हणून आधी कालवा रिकामा करावा लागतो.

रिकामा करतानाही घाई चालत नाही. भराव आतून पाण्याने भिजलेला असतो. बाहेरचे पाणी त्याला आधार देत असते. पाणी एकदम उतरवले तर आधार जातो आणि भिजलेली माती घसरून खाली येते. म्हणून पाणी हळूहळू उतरवतात. तसेच काम झाल्यावर पाणी सोडताना आधी थोडे, मग वाढवत नेतात. वाळलेला भराव हळूहळू भिजावा लागतो. दार उघडले त्याच दिवशी शेवटच्या गावाला पाणी का येत नाही, याचे एक कारण हे आहे.

आता हे काम कधी करावे? शेतकऱ्याला पाणी नको असते तेव्हा. म्हणजे उन्हाळी आवर्तने संपल्यावर पाऊस पडेपर्यंत, आणि पुढे पावसाळा सरता सरता, रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी. मधले दिवस फार थोडे असतात. त्या दिवसांत काम झाले नाही, तर मग पौषात, भर हंगामात कालवा फुटतो आणि नाइलाजाने बंद करावा लागतो. ठरवून ठेवलेला बंद चार दिवसांचा असतो, तर न ठरवता आलेला बंद पीक घेऊन जातो.

दुर्लक्ष केले तर काय होते, याचे मोठे उदाहरण पुण्याचे आहे. खडकवासला धरणाचा मुठा उजवा कालवा हा इंग्रजी अमलातला जुना कालवा. तो पुणे शहरातून जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली. भर दिवसा वस्तीत पाणी घुसले. शेकडो घरांचे नुकसान झाले. हातावर पोट असलेल्या लोकांची भांडी, धान्य, पोरांची दप्तरे वाहून गेली. घुशी व उंदरांनी भराव पोखरल्याचीही तेव्हा चर्चा झाली. बीळ बुजवायला टोपलीभर मुरूम लागतो. भगदाड पडल्यावर मात्र गाव लागते.

होड्यांचा कालवा आणि पाण्याची पायरी

आता होडीवाल्यांची हकीकत. तीही परक्या पाण्याची नाही, आपल्याच पाण्याची आहे.

लातूरची मांजरा पुढे तेलंगणात जाते. तिथे तिच्यावर १९३१ साली पुरे झालेले निजामसागर धरण आहे. पुढे ती पुन्हा आपल्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेला येऊन गोदावरीला मिळते. तेरणा मांजरेला मिळते, मन्याडही मांजरेला मिळते. पूर्णा गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या शिवाराचे पाणी शेवटी गोदावरीत. आणि गोदावरी आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ समुद्राकडे पसरते. तिथे धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १८४७ ते १८५२ या काळात मोठा बंधारा बांधला. पुढे १९८२ साली त्या जागी नवा बंधारा पुरा झाला.

या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांची दोन कामे होती. एक म्हणजे भातशेतीला पाणी देणे आणि दुसरे म्हणजे होड्या चालवणे. धान्य व इतर माल भरलेल्या होड्या या कालव्यांतून चालत. वारा नसेल तेव्हा काठावरून माणसे दोर लावून होडी ओढत नेत. रेल्वे व मोटारी वाढल्या तशी ही वाहतूक मागे पडली.

आता तुम्ही विचाराल, कालव्याला उतार असतो, मध्ये एकदम पायरीसारखा खड्डाही येतो. तिथे होडी कशी उतरते? यासाठी एक युक्ती आहे. तिला इंग्रजीत लॉक म्हणतात. लॉक म्हटले की आपल्याला कुलूप आठवते. इथे लॉक म्हणजे दोन दारांचा एक लांब हौद. त्याला आपण पाण्याची पायरी म्हणू.

समजा, होडी वरच्या अंगाने आली आहे आणि तिला खाली जायचे आहे. हौदाचे खालचे दार बंद असते आणि हौद वरच्या पातळीपर्यंत पाण्याने भरलेला असतो. वरचे दार उघडतात. होडी हौदात येते. तिच्यामागे वरचे दार लावतात. मग खालच्या दाराची लहान झडप उघडतात. हौदातले पाणी हळूहळू खाली जाते. पाण्याबरोबर होडीही खाली उतरते. हौदातले पाणी आणि खालच्या कालव्याचे पाणी एका पातळीला आले की खालचे दार उघडते आणि होडी पुढे जाते. वर जाणाऱ्या होडीसाठी हेच उलट करायचे. होडी आत घ्यायची, खालचे दार लावायचे आणि वरून पाणी सोडून हौद भरायचा. पाणी चढते तशी होडी चढते. बैल नको, यंत्र नको. पाण्याच्याच बळावर भरलेली होडी वर जाते.

पण या दारांनाही दुरुस्ती लागते. दार गळू लागले तर हौद भरत नाही. हौद भरला नाही तर होडी अडकते. एक दार बिघडले की दोन्ही बाजूंच्या सगळ्या होड्या थांबतात. मागेही नाही, पुढेही नाही. म्हणून गोदावरीच्या त्या कालव्यांना दर उन्हाळ्यात ठरवून बंद ठेवण्याची रीत आहे. भाताचा हंगाम संपला की पाणी बंद, मग गाळ काढणे, दारे दुरुस्त करणे, आणि पावसाळी पेरणीच्या आधी पुन्हा पाणी.

इंग्लंडात तर आजही हजारो लोक असे आहेत की त्यांचे घरच कालव्यातल्या होडीवर आहे. इंग्लंड व वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग २०१२ पासून एका धर्मादाय संस्थेकडे आहेत. तिथे लॉकची दारे बहुतेक ओक नावाच्या टणक लाकडाची असतात. ती साधारण पंचवीस वर्षे टिकतात, मग नवी बसवावी लागतात. हे काम हिवाळ्यात करतात, कारण तेव्हा होड्यांची ये-जा कमी असते. हौद रिकामा करण्याआधी त्यातले मासे पकडून दुसऱ्या पाण्यात सोडतात. आणि मुख्य म्हणजे कोणता लॉक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद राहील, याची यादी संस्था आधीच जाहीर करते. ती यादी पाहून होडीवाला ठरवतो, आपली होडी या बाजूला ठेवायची की त्या बाजूला. ज्याला तारीख ठाऊक आहे तो अडकत नाही.

होडीवाल्यांच्या हकीकतीतून आपण घ्यायची गोष्ट ती हीच. बंद सर्वांनाच सोसावा लागतो. पण आधी सांगितलेला बंद सोसवतो.

शेवटच्या टोकाचे दुःख

आपल्याकडे खरे दुःख असते ते कालव्याच्या शेवटच्या टोकाला. त्याला सगळे 'टेल' म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याची जमीन लाभक्षेत्रात धरलेली असते. कागदावर त्याचे रान बागायत. प्रत्यक्षात त्याच्या चारीत पाण्याऐवजी गवत. वरच्या बाजूचे लोक आधी घेतात, वाटेत पाझरून पाणी जाते, आणि उरलेले टेलपर्यंत पोचतच नाही.

दुरुस्तीचेही पुष्कळदा असेच होते. काम वरून सुरू होते आणि टेलपर्यंत येण्याआधी दिवस संपतात किंवा पैसे संपतात. मग पुढच्या वर्षी पुन्हा वरून. ज्याची गरज सर्वांत जास्त, त्याची पाळी सर्वांत शेवटी.

अस्तर करण्याबद्दलही दोन मते ऐकू येतात. कालव्याकाठच्या माणसाच्या विहिरीला कालव्याच्या पाझराचे पाणी असते. तो म्हणतो, "अस्तर करू नका, माझी विहीर आटेल." टेलचा माणूस म्हणतो, "अस्तर करा, नाही तर मला पाणीच येत नाही." दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण पाझर फार झाला की काठची जमीन चिबड होते आणि चांगले रान वाया जाते. शिवाय टेलच्या माणसाला विहीरही नाही आणि कालवाही नाही. पाणी सर्वांचे आहे, तर दोघांनी एकत्र बसून मार्ग काढावा.

असा मार्ग निघू शकतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टेलला ओझर गाव. तिथल्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९०च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात टेलला झाली आणि तीन संस्थांनी झाली. शेतकऱ्यांनी मोजून पाणी घेतले, पैसे वेळेवर भरले, चाऱ्या नीट ठेवल्या. ते पाहून वरच्या गावांनीही संस्था केल्या. पुढे त्या धरणावर चोवीस संस्था झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले.

२००५ साली महाराष्ट्रात यासाठी कायदाच झाला. त्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेला मोजून पाणी मिळते. संस्थेच्या हाती कालवा देण्याआधी अधिकारी व शेतकरी मिळून पाहणी करतात आणि काय काय दुरुस्त करायचे, त्याची यादी करतात. ही पाहणी फार महत्त्वाची. त्या दिवशी जो घरी बसला, त्याची मोरी यादीत आली नाही असे समजा.

बंदच्या दिवसांत आपण काय करावे?

पहिले, तारीख विचारावी. कालवा बंद झाला असे ऐकले की तीन प्रश्न विचारावेत. कशासाठी बंद? कधीपर्यंत बंद? पुढचे आवर्तन कधी? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा पाटबंधारे शाखेच्या कचेरीत सूचना लावलेली असते. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा. सूचना लावलेली नसेल तर ती लावण्याची मागणी करा.

दुसरे, पाण्याचा अर्ज वेळेवर करावा. रब्बी किंवा उन्हाळी हंगामासाठी पाणी हवे असेल तर नमुना नंबर ७ चा अर्ज भरावा लागतो. तो जाहीर केलेल्या तारखेच्या आत भरावा. जिथे पाणी वापर संस्था आहे, तिथे मागणी संस्थेकडे द्यावी. अर्ज नाही, तर पाण्यावर बोलता येत नाही.

तिसरे, आपली शेतचारी आपण साफ करावी. मोठा कालवा सरकारचा, पण शेतचारी आपलीच. चारीवरच्या सर्वांनी एक दिवस ठरवून फावडी-घमेली घेऊन जावे. खालच्या टोकापासून वर साफ करीत यावे. शेजाऱ्याची चारी तुंबली तर आपल्या रानातही पाणी येत नाही.

चौथे, कालवा कोरडा असताना एकदा त्याच्या काठाने चालून यावे. गावातल्या दोन-चार जणांनी मिळून जावे. कुठे बीळ आहे, कुठे अस्तर तडकले आहे, कोणते दार बसत नाही, ते वहीत लिहून घ्यावे. पाणी आल्यावर हे काही दिसत नाही.

पाचवे, लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्ज कसा लिहावा, त्याचा नमुना पुढे दिला आहे. तो पाहून आपल्या गावाचा अर्ज आपण लिहावा.

प्रति,
मा. शाखाधिकारी,
पाटबंधारे शाखा, …………
विषय : मायनर नंबर … च्या दुरुस्तीबाबत.

महोदय,
आम्ही खाली सही करणारे शेतकरी मौजे ………… येथील राहणारे आहोत. आमच्या जमिनी वरील मायनरच्या शेवटच्या टोकाला आहेत. सध्या कालवा दुरुस्तीसाठी बंद आहे. आम्ही दिनांक ………… रोजी मायनरची पाहणी केली. तेव्हा पुढील बिघाड दिसले :
१. ………… यांच्या शेताजवळ भरावाला बिळे पडली आहेत.
२. दार नंबर … पूर्ण बसत नाही. पाणी गळते.
३. शेवटच्या टोकाला गाळ साचला आहे.
ही कामे पुढील आवर्तन सुटण्यापूर्वी व्हावीत. काम कधी सुरू होईल ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
(सह्या)

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी. दुसरीवर पोच घ्यावी, म्हणजे शिक्का, सही आणि तारीख. ती पोच जपून ठेवावी. पुढे कोणी म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलेच नाही," तर ती पोच दाखवता येते. अंगठ्याऐवजी सह्या असल्या तर अर्ज वाचून समजून केलेला आहे, हेही दिसते.

सहावे, काम चालू असताना पाहायला जावे. भांडायला नको, पाहायला. मुरूम दाबला की नाही, गाळ उचलून लांब टाकला की काठावरच ठेवला, हे पाहावे. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या पावसात पुन्हा आत येतो.

शेवटी

आता पारावर कोणी म्हणाला, "कॅनॉल बंद झाला," तर तुम्ही काय विचाराल? पाळी संपली म्हणून बंद आहे, पाणी नाही म्हणून बंद आहे, की दुरुस्तीसाठी बंद आहे? पाळी संपली असेल तर पुढची तारीख विचारा. पाणी नसेल तर आहे ते पुरवून वापरा. दुरुस्ती असेल तर ती टेलपर्यंत होते की नाही, यावर नजर ठेवा. आणि कारणच कोणी सांगत नसेल, तर मात्र सगळ्यांनी मिळून जा आणि लेखी विचारा.

कालवा बंद असतो तेव्हा शेतकऱ्याला सुट्टी नसते. पाणी आल्यावर जे मिळणार, ते याच कोरड्या दिवसांत ठरते.

वाचा आणि सांगा

१. कालवा बंद राहण्याची तीन कारणे कोणती?
२. काळ्या मातीत अस्तराखाली मुरमाचा थर का देतात?
३. लॉकमध्ये होडी खाली कशी उतरते, ते शेजाऱ्याला समजावून सांगा.
४. तुमच्या गावाला कोणत्या धरणाचे पाणी येते? तुमचे गाव कालव्याच्या वरच्या अंगाला आहे की टेलला?
५. वर दिलेला नमुना पाहून तुमच्या गावच्या मायनरसाठी अर्ज लिहा.